शिंप्याच्या उरलेल्या गोळ्या

शिंप्याच्या बायकोला सगळी गल्ली डॉक्टरीणबाई म्हणायची. शिक्षण चौथी, पण कोंबडी जरा मलूल दिसली की बाई कॅप्सूल फोडणार, पावडर पाण्यात कालवणार आणि चोच उघडून चमच्याने पाजणार. दोन-चारदा कोंबड्या उठल्या आणि नाव पडलं. त्या आपोआपच उठल्या असतील, असं तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती?

औषधं यायची कुठून? घरातलीच. माणसाला बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या कोंबड्यांसाठी डब्यात टाकायच्या, हे बाईंचं शास्त्र.

त्या महिन्यात जमिनीवर पडलेली सुई शिंप्याच्या तळव्यात घुसली. साखरेचा आजार, त्याला ते दोन दिवस कळलंसुद्धा नाही. मशीन पायाचं. पाय गेला तर धंदा गेला. डॉक्टरने दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, एकही चुकवू नका म्हणून बजावलं. चौथ्या दिवशी सूज उतरली, आणि नेमक्या त्याच सकाळी परसातल्या अकरा कोंबड्या माना वाकड्या करून बसल्या.

"तुम्हाला आता बरं आहे ना?" तिने विचारलं. तो कापड सरकवत हो म्हणाला. झालं, उरलेल्या गोळ्या कोंबड्यांच्या पोटात गेल्या.

तीन दिवसांनी पाय काळानिळा पडला, अंग तापलं. दवाखान्यात डॉक्टरने गोळ्या पूर्ण घेतल्या का विचारलं. संपल्या, ती म्हणाली. खोटं नव्हतं ते, पण मेलं घशाखाली उतरेना. शेवटी तिने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावला नाही. घोट्याच्या वर कापावं लागेल, एवढंच म्हणाला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण निरोप घेऊन आली. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला होता. ही मानमोडी, हिच्यावर कुठलीच गोळी चालत नाही, आधी लस टोचायला हवी होती, असं त्याने सांगितलं. शेवटची कोंबडी सकाळीच गेली होती. तेलही गेलं, तूपही गेलं.

ऑपरेशननंतर शिंपी शुद्धीवर आला. चादर एका बाजूला सपाट होती. ती उशाशी बसून हुंदके देत होती, माझ्यामुळे झालं, मीच पाजल्या, म्हणत होती. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि तिचा हात धरला.

"असू दे गं," तो म्हणाला. "एक तरी कोंबडी वाचली का?"