अर्ध्या खुर्चीचा वाटेकरी

पोर्ट रॉयलमध्ये कासवाचं कालवण खावं ते मायरिग बेव्हनच्याच हातचं. फक्त जेवताना ट्युडर गेथिनचं नाव काढू नये. मायरिगची जीभ सुटते आणि कालवण निवतं.

दोघे वेल्समधल्या एकाच डोंगरावर मेंढरं राखत वाढले. मजुरीच्या करारावर बार्बाडोसला आले, मिळून पोर्ट रॉयलला पळाले, मिळून राजाच्या परवान्यावर स्पॅनिश गलबतं लुटू लागले. परवाना होता म्हणजे ती लूट नव्हे, चाकरी, असं दोघंही छातीवर हात ठेवून सांगत. दर्यावरच्या रिवाजाप्रमाणे ते जोडभाऊ झाले: तंबू एक, बंदूक एक आणि मरेपर्यंत जे मिळेल त्यात अर्धं-अर्धं.

पुढे ट्युडरने ऊसमळा घेतला, त्यावर राबायला गुलाम घेतले, एका विधवेशी लग्न केलं आणि बेटाच्या कायदेमंडळात जाऊन बसला; मोठे खटलेही तिथेच चालत. मळ्यातला अर्धा वाटा त्याने न मागता दिला होता. मायरिगने तो पत्त्यांत उडवला आणि कालवणाचं दुकान काढून पातेलं चढवलं. त्याचं त्याला दुःख नव्हतं. पोटात दुखत होतं ते खुर्चीपायी. ट्युडर लांब केसांचा टोप घालून भर उन्हात निघाला की लोक टोप्या काढत. मायरिग पाठ करून उभा राही, पण टोप्या किती निघाल्या हे त्याला बरोबर कळे.

शेवटी एकदा त्याने भर रस्त्यात ट्युडरला गाठलं.

"जोडभाऊ ना आपण? मग ती खुर्चीही अर्धी माझी."

लोक खो-खो हसले. ट्युडर हसला नाही.

"रिवाज आहे खरा. उद्या सकाळी ये. इयेस्तिनचा खटला आहे. परवाना संपल्यावर गलबत लुटलं त्याने. मत तूही दे."

इयेस्तिन म्हणजे त्यांच्याच जहाजावरचा तोफवाला. मायरिग उसना टोप घालून गेला. ट्युडरने बाकावर सरकून खरोखरच जागा दिली. बेड्या वाजवत इयेस्तिन आला, त्याला न्याहाळून म्हणाला, "मायरग्या, पातेल्यापाशी कोण आहे रे?"

फाशीसाठी हात वर करायची वेळ आली, तसा मायरिग घामाने निथळत उठला.

"अख्खी तूच ठेव बाबा," असं ट्युडरला म्हणून तो थेट दुकानात आला. येताना वाटभर बजावत राहिला, की जुन्या सोबत्याला फासावर चढवणारी खुर्ची आपल्याला नकोच होती. दुपारपर्यंत त्याला फार हलकं वाटत होतं.

दुपारी इयेस्तिन जिवंत दारात उभा. ट्युडर बाकीच्यांशी भांडभांड भांडला होता. फाशी टळून बेटाबाहेर हाकलण्यावर निभावलं होतं. दोन वाडगी कालवण चापताना इयेस्तिनच्या तोंडी एकच नाव: ट्युडर काय बोलला, ट्युडरने कसं सुनावलं.

"माझंही नाव घेतलं असेल त्याने," मायरिग पळीने कालवण ढवळत म्हणाला.

"तुझं कशाला घेईल? तू तर उठून आलास."

इयेस्तिनने वाडगं पुढे केलं. मायरिगने पातेल्यावर झाकण घातलं आणि कालवण संपलं म्हणून सांगितलं.