मंडालेचा राजवाडा, लीड्स

किस्से मुद्दाम कोणी गोळा करत नाही. शनिवारी सुतारकामाच्या क्लबातून घरी आलो की शर्टाच्या खिशातून भुसा निघायचा, तसे हेही निघतात. झटकले तरी थोडे उरतातच.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. लीड्सच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये आम्ही तिघं एका टेबलावर काम करायचो. मी, नुकताच रिटायर झालेला भूलतज्ज्ञ. हॅरी, ऐंशीच्या पुढचा यॉर्कशायरचा माणूस, पुरुषांनाही 'लव्ह' म्हणणारा. आणि ऊ मिंट, ब्रह्मदेशातून आलेले डोळ्यांचे डॉक्टर. 'ऊ' म्हणजे आपलं 'राव'. ते मंडालेच्या राजवाड्याचं मॉडेल करत होते. खरा राजवाडा, अख्खा सागवानी, दुसऱ्या महायुद्धात जळून गेला. लहानपणी त्यांनी त्याचा धूर पाहिला होता. राजवाडा कधीच नाही.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?"

"रत्नागिरी."

पटाशी ठेवून ते उभेच राहिले. "आमचा शेवटचा राजा तुमच्याकडे कैदेत वारला!"

"इंग्रजांनी आणून ठेवला. आम्हाला कोणी विचारलं होतं?"

"नसेल. पण तीस वर्षांत एकदा तरी जेवायला बोलवायचं!"

*

हॅरीने एकदा सिंहासनावरच्या शिखराला सातऐवजी आठ छपरं चढवली. एक आपलं शोभेला! ऊ मिंटनी अख्खं शिखर मोडलं.

"थर दर्जावर ठरायचे. सात फक्त राजाला. जास्तीचा चढवला तर मान जायची."

"जास्तीच्या मजल्याला आमची कौन्सिल नुसती नोटीस पाठवते, लव्ह!"

त्यानंतर ऊ मिंट एकही थर अंदाजाने लावू देईनात. उत्तरेकडचा एक मंडप त्यामुळे उघडाच राहिला. जुन्या फोटोंत तो झाडांमागे दडलेला. पुस्तकं झाली, पत्रं झाली, इंटरनेट झालं. किती थर होते, कोणालाच सांगता येईना.

*

तो राजवाडा तिथे पुन्हा बांधलाय हे मला कळलं. मी उत्साहाने फोटो घेऊन गेलो. म्हटलं, मोजा आता!

"सिमेंट आणि पत्रे," ऊ मिंट म्हणाले. "माझ्या भाच्याला लष्कराने नेलं होतं बांधायला. पगार नाही, नाही म्हणायची सोय नाही. त्याला विचारलं मी, थर किती ते कसं ठरवलंत?"

"मग?"

"म्हणाला, मुकादम सांगेल तेवढे."

*

स्वादुपिंडाच्या कॅन्सरची बातमी त्यांनी डिंक लावता लावता दिली.

"चार महिने म्हणतात. बाहेरच्या भिंतीलाच तीन जातील."

"आणि वॉर्निश?" हॅरीने विचारलं.

"ते तुम्ही करा."

जन्मभर मी माणसांना धीर देऊन झोपवलं. त्या दिवशी नुसती डिंकाची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

*

पुढच्या शनिवारपासून हॅरी यायचा बंद झाला. मरणाला घाबरला म्हातारा, असं वाटून मला संताप आला. घरी जाऊन तोंडावर तसं म्हटलं.

"मी होतो तिथे," तो म्हणाला. "मंडालेच्या टेकडीवर. राजवाड्यात जपानी होते. दुर्बिणीतून बघून गोळे कुठे पडतायत ते आमच्या तोफवाल्यांना सांगायचो."

"आणि इतके दिवस आमच्यासोबत छपरं चिकटवत बसलास?"

"काय सांगणार होतो, लव्ह?"

"आता तर त्यांना सांगूच नकोस," मी म्हटलं. दुखू द्यायचं नाही, हा माझा धंदाच होता.

*

हॅरीने ऐकलं नाही. ऊ मिंटना शेवटच्या दिवसांसाठी हॉस्पिसमध्ये हलवलं होतं, तिथे कोट-टाय घालून आला आणि पलंगाशी उभं राहून सगळं सांगून टाकलं.

 आता ऊ मिंट त्याला हाकलतील, मला वाटलं. मी तर हाकललाच असता. त्यांनी मला खुणेने उशा लावायला सांगितल्या आणि उठून बसले.

"टेकडीवरून म्हणजे ईशान्येकडून?"

"हो."

"मध्ये झाडं?"

"ती आधीच जळाली होती."

"उत्तरेच्या मंडपाला थर किती होते?"

हॅरीने डोळे मिटले.

"पाच. वरचे दोन पहिल्या दिवशी गेले. मी मोजत होतो."

ऊ मिंट माझ्याकडे वळले.

"डॉक्टर, लिहून घ्या. पाच."