एकाच फ्लॉपीत

औरंगाबादहून आठ कॉम्प्युटर टेम्पोत घालून मी सिरसाळ्याला आणले, तेव्हा त्यांतल्या एकातही हार्डडिस्क नव्हती. कुठल्याशा ऑफिसनं भंगारात काढलेला माल, डिस्का आधीच कुणीतरी काढून घेतलेल्या. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मी गणिताची बाई. पण एकदा खूळ डोक्यात शिरलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आमच्या घरी कुणालाही विचारा.

संस्थेचे सचिव गावातले बडे बागायतदार. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की शनिवारी दुपारी एकपर्यंत हे डबे सुरू झाले तर खोली तुमची, नाहीतर तिथं शाळेच्या तांदळाची पोती लागतील. ती खोली मी नववीच्या मुलींना कधीच कबूल करून बसले होते.

बेत साधा होता. शाळेत एक मोठा, धड चालणारा कॉम्प्युटर होता, त्याच्या डिस्कवर बाकीच्या आठांनी तारेवरून काम करायचं. प्रत्येकाला एक फ्लॉपी. फ्लॉपीत ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल. कर्नलनं आतलं नेटवर्कचं कार्ड जागं करायचं, कार्डानं मोठ्या कॉम्प्युटरला गाठायचं, पुढचं सगळं तारेतून येणार.

गुरुवारी आठही पडदे एकाच ओळीवर अडले. अर्धा दिवस मी डोकं खाजवत होते. मग उमगलं. ही कार्डं आपणहून उठत नव्हती. सुरुवातीला त्यांच्यात एक छोटी फाईल ओतावी लागायची, फर्मवेअर म्हणतात ती. आणि ती फाईल मी शहाणीनं नीट जपून मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. तिथवर जायला कार्ड हवं, आणि कार्ड उठायला ती फाईल. आडात पाणी आहे, पोहरा हातात आहे, पण दोर आडात पडलेला. मी एकटीच मोठ्यानं हसले. काय बिघडलंय ते कळल्याचा आनंद असा असतो की बिघाड तसाच आहे हेही काही वेळ आठवत नाही.

माझ्या मदतीला होते आप्पा. स्टँडजवळ त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. आमच्या साऱ्या तारा त्यांनीच ओढल्या होत्या. आता दोन वाटा होत्या. एक, फर्मवेअर कर्नलच्या आतच घालून सगळं एकत्र बांधायचं. दुसरी, ते वेगळ्या फ्लॉपीवर ठेवायचं आणि पडद्यावर सूचना आली की ती दुसरी फ्लॉपी घालायची. आप्पा हटून बसले दुसरीवर. जन्मात त्यांनी आयसी, म्हणजे चिप, डाख देऊन थेट पट्टीवर पक्की केली नव्हती. आधी सॉकेट डाखायचं, आयसी त्यात खोचायची, म्हणजे मेली तर नखानं उपटून दुसरी बसवता येते. उद्या निराळ्या जातीचं कार्ड आलं तर सगळा कर्नल पुन्हा बांधत बसणार का, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, आठ यंत्रांना सोळा फ्लॉप्या, आणि आमच्या धुळीत त्यातली एक बिघडली की यंत्र आडवं.

महिन्यापूर्वीच आप्पांच्या लेकीचं लग्न झालं होतं. मी तिथंच धरलं.

"ताईसोबत तुम्ही आत्याला पाठराखीण म्हणून वरातीतच धाडलंत. दुसऱ्या दिवशी एसटीनं का नाही धाडलं?"

"पहिल्या दिशी पोरीला पानी मागायची बी चोरी असती, बाई."

"मग या कार्डाची गत तीच आहे."

आप्पा हातातला स्क्रू पिळत राहिले. मग म्हणाले, "आत्या पाचव्या दिशी परत आली. तुमी गेल्यावर हे कोन बांधनार?"

मी चिडले. मी कुठं जात नाहीये असं फणकाऱ्यानं सांगितलं आणि शनिवारी प्रार्थना संपल्याबरोबर कर्नल बांधायला घातला.

पहिला बांधला तो फ्लॉपीत मावेना. मग कर्नलमधला एकेक भाग बाहेर. सीडीचा गेला, प्रिंटरचा गेला. डिस्कच नसलेल्या यंत्रांत डिस्कचं सामान कशाला, तेही गेलं. शेवटी आवाजाचा भागही काढावा लागला. मुलींना मी गाणी ऐकवायचं कबूल केलं होतं, म्हणून हात जड झाला. दोनला लाईट जायची, सचिव एकला येणार होते, आणि दुसरा कर्नल बांधून झाला तेव्हा साडेबारा झाले होते. खरं सांगते, मला मजा येत होती. एक फ्लॉपी ऐन वेळी खराब निघाली. सहामाहीची प्रश्नपत्रिका होती त्या फ्लॉपीवर मी कर्नल लिहून टाकला.

सचिव आले, बसले नाहीत. फ्लॉपी त्यांनी स्वतः सरकवली. घरघर सुरू झाली. ओळी वर सरकू लागल्या, ती अडणारी ओळ आली, आणि गेली. मी भान विसरून आप्पांचं मनगट धरलं होतं. पडद्यावर नाव विचारणारी चौकट उभी राहिली.

"येवढंच?" सचिव म्हणाले.

"एवढंच," मी म्हणाले. मग ते खुर्ची ओढून बसले आणि एका बोटानं आपलं नाव लिहू लागले. तांदळाची पोती हेडसरांच्या खोलीशेजारी लागली.

चार वर्षांनी माझी बदली चकलांब्याला झाली. जाण्याआधी दोनशे पानी वहीत मी सगळं उतरवलं, काय काढायचं, काय आत घालायचं. वही आप्पांना दिली. त्यांनी न उघडता फ्यूजांच्या खणात टाकली. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या दिवाळीआधी माझ्या नव्या शाळेत फोन आला. आप्पा सिरसाळ्याच्या हेडसरांच्या खोलीतून बोलत होते. तीन नंबरचं कार्ड मेलं होतं, निराळ्या जातीचं मिळालं होतं. मी म्हणाले, रविवारी येते.

"यायचं काय काम न्हाई. वही बघून बांधलं, दोनच्या आत. ह्याची फाईल बारीक हाय, जागा उरली. तुमी काढलेला आवाज परत घातला. ऐका."

त्यांनी भिंतीपलीकडे कॉम्प्युटरच्या खोलीत कुणाला तरी हाक मारली आणि रिसीव्हर तिकडं धरला. खरखर झाली, मग गाणं सुरू झालं. मी उभ्या उभ्या रडले. ते सगळं माझ्यावाचून चाललं होतं, आणि मला इतका आनंद त्या शनिवारीही झाला नव्हता.