शहाडच्या पाटीवर न लिहिलेला आकडा

इथले बाकीच्यांचे अनुभव वाचून मी पुष्कळदा हसले आहे, हे आधीच कबूल करते. पैंजण, पांढरी साडी, पिंपळ... एकालाही घड्याळात किती वाजले होते ते आठवत नाही. माझे वडील सोलापूरला गणिताचे मास्तर. दारात कोणी अंगारा घेऊन आला की ते विचारायचे, कितीजणांना दिलात आणि त्यातले किती बरे झाले? तो बिचारा काढता पाय घ्यायचा. मी त्यांचीच लेक, आणि पुढे मीही जन्मभर मुलांना बेरजा-वजाबाक्याच शिकवल्या. तेव्हा मी जे सांगणार आहे त्यात आकडे असतील, भूत नसेल. टाइप करायचं काम माझ्या दिरांची नात करते आहे, आणि आत्तापासूनच तिचे डोळे मोठे झालेत.

लग्न होऊन मी कल्याणला आले ते १९४९ साली. पारनाक्याजवळ दोन खोल्या, आणि माणसं तीन – मी, हे, आणि यांचे धाकटे भाऊ श्रीधरभाऊजी. हे आंबिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होते. कापडाचे रंग तपासायचे काम. सहा दिवस रंगाच्या वासात काढायचे आणि सातव्या दिवशी शहाडला नदीवर जायचं, हा त्यांचा धर्म. देवपूजा चुकेल, पण उल्हास नदी चुकायची नाही. पावसाळ्याचे चार महिने मात्र घरात येरझाऱ्या घालत आणि मला वैताग आणत.

शहाडच्या रेल्वे पुलाच्या वरच्या अंगाला तेव्हा एक जुनं करंजाचं झाड होतं. त्याच्या खोडाला एक पाटी टांगलेली असायची, शाळेतली असते तशीच. कल्याणहून दहा-बारा मंडळी सायकलीवरून पोहायला येत, आणि त्यांचा एक नियम होता – पाटी लिहिल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही. ती लिहायचं काम यांचं. साडेसहाला पोचायचं, छातीइतक्या पाण्यात जायचं, लॅबमधला जुना, फॅरनहाइटचा लांब थर्मामीटर दोरीला बांधून हातभर खोल धरायचा आणि शंभर आकडे मोजायचे. मग करंजाची एक शेंग पाण्यात टाकायची आणि ती अमुक दगडापर्यंत जाईस्तोवर पुन्हा मोजायचं. वीसच्या आत पोचली तर ओढ जास्त. मग पाटीवर चार शब्द – पाणी किती अंशांचं, वारा कुठला, ओढ किती, आणि शेवटी ‘या’ किंवा ‘नको’. ‘नको’ लिहिलं असलं तर थोर थोर मंडळी मुकाट्याने सायकली वळवत. माझ्या नवऱ्याचं इतकं कोणीही, कुठेही ऐकत नसे. मी तर नाहीच.

सोलापूरच्या मुलीला नदीचं काय कौतुक असणार? पण पहिल्याच हिवाळ्यात यांनी मला सायकलच्या मागे बसवून नेलं आणि सांगितलं, लुगड्याचा काचा घाल आणि उतर. लोक काय म्हणतील, हे मी विचारून पाहिलं. लोक पोहायला आलेत, म्हणाले. नदीवर म्हशी घेऊन येणारी हिराबाय म्हणून एक आगरी म्हातारी होती, ती तेवढी काठावर बसून मला मनसोक्त हसायची. त्या हसण्यात दोष नव्हता, मलाही पुढे ते ऐकल्याशिवाय पाणी गोड लागेना.

यांची शिकवायची पद्धत एकच. गळ्याइतक्या पाण्यात उभे राहायचे, दोन्ही हात माझ्याकडे पसरून. मी धडपडत, पाणी पीत त्यांच्याकडे यायची आणि बोटं हाताला लागणार तोच हे एक पाऊल मागे जायचे. पुन्हा बोटं लागणार, पुन्हा एक पाऊल. मी चिडायची.

“अहो, हे फसवणं झालं.”

“फसवत नाही, इंदू. लांबवतोय.”

पात्राच्या मध्यावर म्हशीचा कातळ म्हणून एक काळा खडक होता. तिथपर्यंत मला न्यायचं, हा यांचा हट्ट. पण अर्ध्या वाटेवर तळ संपायचा. तिथे यांचेही पाय टेकत नसत, मग मागे सरायचं कसं? त्या जागी आलं की मी घाबरून माघारी वळायची. चार हिवाळे झाले तरी म्हशीच्या कातळाला माझा हात लागला नव्हता. घाई नाही, हे म्हणायचे, कातळ कुठे जातोय.

१९५३ च्या डिसेंबरात यांना ताप आला. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर. डॉक्टरांनी स्वतःचा तापाचा थर्मामीटर आमच्याकडेच ठेवला. सकाळ-संध्याकाळ मी तो लावायची आणि खिडकीशी नेऊन बघायची. एकशे दोन. एकशे तीन. एकशे चार. डॉक्टर म्हणाले होते, अठ्ठ्याण्णववर आला आणि तिथे राहिला की जिंकलो. एकोणीस दिवस मी त्या एका आकड्याची वाट पाहिली. मी देवाला मानत नव्हते, म्हणून पाऱ्यालाच हात जोडत होते.

त्या दिवसांत तीन रविवार आले. पहिल्या रविवारी हे ग्लानीतून जागे झाले आणि म्हणाले, आज पाटी कोण लिहिणार? मी म्हटलं, मी जाते, तुम्ही निजा. त्यांना पुन्हा झोप लागली, आणि मी कुठली जाते... उशापाशीच बसून राहिले. दुपारी त्यांनी विचारलं, लिहिलीस? मी हो म्हटलं. पाणी किती होतं? मी म्हटलं, एकोणसत्तर. दुसऱ्या रविवारी सत्तर सांगितलं. तिसऱ्या रविवारी अडुसष्ट.

खोटं बोलल्याचं मला इतकं वाईट वाटलं नसतं, पण ते ऐकून यांचा चेहरा जो खुलला तो मला पुढे सोसवेना. भाऊजींना हाक मारून ते म्हणाले, “श्रीधर, ऐकलंस? इंदूनं पाटी लिहिली.” एखाद्याची मुलगी पहिली यावी तसे. मंगळवारी पहाटे ते गेले. जाताना तीन आकडे घेऊन गेले, आणि तिन्ही मी बसल्या जागी रचलेले होते.

महिन्याभराने माझा भाऊ, दादा, मला सोलापूरला न्यायला आला. सगळं ठरलं होतं. रविवारी दुपारची गाडी. ट्रंक भरली. भरताना लॅबचा लांब थर्मामीटर हाताला लागला आणि मला जाणवलं की आता गेले की ते खोटं कधीच फिटायचं नाही. त्यांना एक तरी खरा आकडा देऊन जायचं होतं, बस. मी कोणाला न सांगता पहाटे निघाले आणि चालत शहाडला गेले.

नदीवर पोचले तेव्हा उजाडलं होतं. सातला दहा मिनिटं कमी असतील – पुलावरून गेलेल्या गाडीवरून सांगते. पाण्यावरून धुकं उठत होतं. हवेपेक्षा पाणी उबदार असलं की असं होतं, हे यांनीच शिकवलेलं. वारा पूर्वेचा, बारीक. पाटी झाडावर तशीच होती, कोरी. मंडळींनी येणं थांबवलं होतं. काठावर फक्त हिराबाय आणि तिच्या म्हशी. ती मला बघून हसली नाही.

काचा घातला, थर्मामीटरची दोरी मनगटाला बांधली आणि उतरले. पाणी असं गार की छातीत कळ आली. छातीइतक्या पाण्यात थांबले, पारा खाली धरला, शंभर मोजले. सहासष्ट. झालं, आकडा मिळाला. आता मागे फिरायचं.

पण पुढची ती जागा समोर होती ना, जिथे ते पहिल्यांदा उभे राहायचे. तिथवर एकदा जाऊन यावं असं वाटलं. चार-सहा पावलं, गळ्याइतकं पाणी. आणि तिथे पाणी गरम होतं.

कोमट नव्हे, चांगलं उबदार. मला वाटलं अंग बधिर झालंय. उजवीकडे हात केला, बर्फ. डावीकडे, बर्फ. समोर कवेत मावेल एवढ्याच पाण्याला ऊब. मास्तरांची लेक मी, घाबरायच्या आधी पारा धरला. शंभर मोजले. काच वर काढून डोळ्यांशी नेली आणि लागलीच परत बुडवली, कारण विश्वास बसला नाही. पुन्हा मोजलं. अठ्ठ्याण्णव. मग हातभर उजवीकडे धरला, तर उतरून पुन्हा सहासष्ट.

परत समोर वळले तर तिथे काहीच नव्हतं. गारच पाणी. माझा जीव कळवळला. मी हात पुढे केला... आणि बोटांच्या टोकांना ऊब लागली. एक पाऊल मागे गेली होती.

यापुढचं मी जसं घडलं तसं सांगते, त्यावर माझं मत विचारू नका. मी अंग पाण्यावर टाकलं. बोटं उबेला लागणार की ती मागे. पुन्हा हात मारला, पुन्हा मागे. मी रडत होते आणि पोहत होते, दोन्ही एकदम करता येतं हे मला त्या दिवशी कळलं. तळ कधी संपला ते समजलं नाही. माणसाचे पाय टेकूच शकत नाहीत अशा पाण्यातसुद्धा ती ऊब माझ्यापुढे हातभर अंतरावर होती, आणि मला एकच हवं होतं – एकदा, फक्त एकदा, तिने मागे सरू नये. पण नाही. शेवटपर्यंत लांबवलंच.

मग हाताला खरखरीत काहीतरी लागलं. म्हशीचा कातळ. मी त्याला मिठी मारून कितीतरी वेळ तशीच होते. भोवतालचं सगळं पाणी गार होतं. चारी बाजूंना हात फिरवून पाहिले, हाकही मारली असेल. काही नाही. परत येताना वाटेत कुठेही ऊब नव्हती. आले ती एकटी आले, आणि न घाबरता आले.

काठावर हिराबायने आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं.

“पान्यान कोनाशी बोलत व्हतीस गो?” तिने विचारलं.

मी बोलत होते असं मला आजही आठवत नाही. तिला म्हटलं, कोणाशी नाही. ती म्हशींकडे गेली.

शेंग टाकून ओढ मोजली. मग पाटी घेतली आणि लिहिली. पाणी सहासष्ट. वारा पूर्वेचा. ओढ सव्वीस. या.

घरी दादा आणि भाऊजी हवालदिल होऊन दारात उभे. मी दादाला सांगितलं की मी येत नाही, इथेच राहीन, शिकेन, नोकरी करेन. तो तीन दिवस रागावून राहिला आणि एकटा परत गेला. सगळं मी फक्त भाऊजींना सांगितलं, तेही पुष्कळ महिन्यांनी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही चुकून तापाचा थर्मामीटर नेला असणार. त्याचा पारा झटकल्याशिवाय उतरत नाही.” घरात दोन थर्मामीटर असले की ही चूक सहज होते, खरं आहे. पण मग सहासष्ट कसं आलं? तापाच्या थर्मामीटरवर तो आकडाच नसतो. आणि डॉक्टरांचा थर्मामीटर तेराव्याच्या आधीच परत गेला होता, भाऊजींनीच नेऊन दिला होता. मी आठवण करून दिली तेव्हा ते चष्मा पुसायला लागले.

कारखान्याचं गरम पाणी म्हणावं तर तो रविवार, कारखाना बंद. जमिनीतून झरा म्हणावा, वज्रेश्वरीला आहेत तसा, तर तो जागचा हलेल का? आणि मी काय एकदाच तपासून पाहिलं? पुढे अकरा हिवाळे दर रविवारी पाटी मी लिहिली. मंडळी परत येऊ लागली, माझंही ‘नको’ मुकाट्याने ऐकू लागली. दर वेळी कोणी यायच्या आधी मी त्या जागी पारा धरून शंभर मोजले. पासष्ट, अडुसष्ट, सत्तर. पाणी पाण्यासारखंच. मग एका पावसाळ्यात करंज उन्मळून गेला, माणसं पांगली, आणि आता त्या पाण्यात कोणी पाय घालेल असं राहिलेलं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. साठ वर्षं शोधलं, वडिलांची पद्धत वापरून शोधलं, सापडलं नाही. कोणाला सुचत असेल तर जरूर कळवा, मी रागावणार नाही.

सहासष्ट हा पाटीवरचा आकडा खरा होता, पोहणाऱ्यांच्या कामाचा होता. दुसरा मी कुठेच लिहिला नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे. त्या सकाळी कातळाला धरून मी तोच एक आकडा पुन्हा पुन्हा म्हणत होते, हिराबायने कदाचित तेच ऐकलं असेल. अठ्ठ्याण्णव. एकोणीस दिवस खिडकीशी उभी राहून मी ज्याची वाट पाहिली, तो.

त्यांचा ताप उतरला होता.