राखलंभाऊचं एकच वाक्य

कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर पेटता ठेवणाऱ्या माणसाला सगळे राखलंभाऊ म्हणत. हे नाव त्याला चर्चमधून चिकटलं आणि मागोमाग कारखान्यात आलं. दर रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली की कुणी लागलेल्या नोकरीबद्दल सांगे, कुणी सुटलेल्या दारूबद्दल. हा उठे, पुढच्या बाकावर हात टेके आणि म्हणे, "या आठवड्यातही देवानं राखलं." की लगेच खाली. एक शब्द इकडे नाही, एक तिकडे नाही.

शेजारी बसलेली लेक कुजबुजे, "बाबा, कधीतरी वाक्य बदला की. लोक तुमच्या आधीच म्हणून मोकळे होतात."

"खरं आहे तोवर कशाला बदलू?"

खरं बोलायची त्याला कामानंच खोड लावली होती. वरून निरोप यायचा, वाफ भरली का? काटा केसभर मागे असला तरी तो "नाही" म्हणायचा. साहेब चिडले तरी नाहीच. कामावर आला की आधी झडप तपासायची, मग डोळे मिटायचे. प्रार्थना झाली आणि झडप तपासायची राहिली, तर त्याला तो भक्ती म्हणत नसे, आळस म्हणे.

रोज सकाळी घरातून निघताना तो दारात उभा राहून बायकोचं आणि लेकीचं नाव घेई, आणि म्हणे, "देवा, यांना राख." लेक शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसायची, तिला उशीर व्हायचा. चप्पल चढवत ती म्हणे, "बाबा, आटपा. देवाला माझं नाव पाठ झालंय."

भट्टीवरचा जोडीदार देवाधर्माच्या वाटेला जात नसे. भट्टीखालची राख उपसता उपसता तो टोमणा मारी, "तुझं राखलं, राखलं चालू असतं. माझ्या वाट्याला नुसती राख."

"नीट घातलीस तर तीच विस्तव राखते."

ते खरंच होतं. शनिवारी संध्याकाळी कारखाना बंद होताना निखारे एका बाजूला ओढायचे, त्यांवर कोळसा आणि वर राखेचा थर द्यायचा. थर पातळ पडला तर सगळं जळून जातं, जाड पडला तर आग गुदमरते. बरोबर पडला तर सोमवारी राख बाजूला केली की खाली लाल. हे काम राखलंभाऊचं. त्याच्या हातची भट्टी कधी विझली नव्हती.

मग लेकीला ताप आला आणि तो उतरेना. रक्ताचं दुखणं निघालं. चर्चच्या मंडळीनं उपास धरले, आळीपाळीनं प्रार्थना केली. पाळकांनी इस्पितळात येऊन त्याचा हात धरला. "सोडू नका. विजय आपलाच आहे."

त्यानं सोडलं नाही. पाळी संपली की कोळशाचे हात घासून धुवायचा आणि खाटेजवळ उभा राहायचा. औषधं आणली, रक्त देणारी माणसं शोधली, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून तिला कुशीवर वळवलं. हातांनी होण्यासारखं काही बाकी ठेवलं नाही. वर दोनच शब्द म्हणायचा. "हिला राख."

एकदा तिनं डोळे उघडले. आवाज पार खोल गेला होता. "बाबा, रविवारी काय सांगणार?"

"तू बरी झालीस, हे."

"काहीही सांगा. पण माझ्यासाठी म्हणून खोटं सांगू नका."

शुक्रवारी ती गेली.

दफनाच्या वेळी कुणी म्हणालं, ती जिंकून गेली. राखलंभाऊनं मान डोलावली. सांगणाऱ्याचा जीव चांगला होता.

रविवारी साक्षीची वेळ आली. माना वळल्या. त्याचा हात पुढच्या बाकावर होता, पण तो उठला नाही. पाळकांनी जरा वाट पाहिली आणि गीत सांगितलं. पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्याही.

"बोलायचंच नाही का आता?" एकदा वाटेत बायकोनं विचारलं.

"काय बोलू? राखलं म्हणू?"

ती पदर तोंडाला लावून चालत राहिली.

एका सोमवारी तो कामावर आला तर जोडीदार त्याच्याही आधी हजर. अंगभर काजळी, भट्टीत कोवळी ज्वाळा, काटा अजून तळाशीच. राखलंभाऊ दारातच थबकला.

"विझली होती?"

"हो."

"थर जाड पडला."

"पडला. मला शनिवारीच दिसलं होतं. पण तुझ्या हातातून फावडं कोण घेणार? म्हणून आज लवकर आलो." जोडीदारानं कपाळ पुसलं. एरवी यावर त्यानं दहा टोमणे मारले असते. आता त्यानं फावडं पुढे केलं. "घे. पेटवली मी, सांभाळ तू."

राखलंभाऊनं झडप तपासली. मग नेहमीसारखे डोळे मिटले.

जोडीदार बघत राहिला. "राग येणार नसेल तर विचारतो. अजून बोलतोस त्याच्याशी?"

"रोज."

"एवढं होऊन? तो काय म्हणतो?"

"काही नाही."

"मग कशाला बोलतोस?"

राखलंभाऊनं दोन फावडी कोळसा टाकला. तिसरं तसंच हातात राहिलं. "भांडायला तरी दुसऱ्या कुणाकडे जाऊ?"

बोलून गेल्यावर तो स्वतःच त्या वाक्याकडे बघत राहिला. काटा वाचावा तसं. केसभर पुढे नाही, केसभर मागे नाही.

त्या रविवारी तो उठला. हात पुढच्या बाकावर टेकले.

"लेक मागितली होती," तो म्हणाला. "राखली नाही. का, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं मी बोलणार नाही. ती आता त्याच्याजवळ आहे. तिथं तो तिला राखील, असं मी धरून आहे. आणि मी..." तो थांबला. बाकाची कड त्याच्या मुठीत होती. "मला त्याला सोडून निघून जावंसं वाटलं. गेलो नाही. माझ्या जोरावर असतं, तर पहिल्याच आठवड्यात गेलो असतो. एवढाच विजय आहे. तेवढाच सांगतो."

तो बसला. "आमेन" म्हणायचं लोकांना सुचलं नाही. बऱ्याच वेळानं मागून कुणा म्हातारीनं हळूच म्हटलं.

घरी जाताना वाटेत शिंप्याचं दुकान आलं. रविवारचं बंद होतं. बायको तिथं उभी राहिली.

"बदललंत शेवटी वाक्य," ती म्हणाली.

त्यानं बंद दाराकडे पाहिलं. मग तिथंच, भर रस्त्यात, तो पहिल्यांदा रडला. बायकोनं त्याच्या दंडाला धरलं आणि रडून होईपर्यंत सोडलं नाही.