पाण्यावरचे चार दिवस

हैदराबादेत रसायनशास्त्र शिकून मी बीडच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालो. विहिरींचं पाणी तपासायचं, विषबाधेचा संशय असेल तर तपासणीला आलेल्या बाटल्या तपासायच्या आणि उरल्या वेळात लोकांची लघवी. गावात मला ‘मुताचा डॉक्टर’ म्हणत. म्हणोत बापडे! काचेच्या नळीत मला जे दिसायचं ते त्यांना कुठं दिसणार होतं?

माणूस उपाशी राहिला की शरीर स्वतःचीच चरबी जाळायला घेतं. त्यातून कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात आणि लघवीत उतरतात. तिच्यात औषध घालून वरून हळूच अमोनिया सोडला की जांभळी कडी उमटते. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या माणसांत ती कितव्या दिवशी उमटते, हे मला बघायचं होतं. गावात उपासांना तोटा नव्हता, पण उपास म्हणजे भगर, शेंगदाणे आणि वर रताळी! त्यात कसली चरबी जळतेय? म्हणून ठरवलं, आपणच चार दिवस निव्वळ पाण्यावर काढायचे.

बायकोला एवढंच सांगितलं, “चार दिवस माझं ताट करू नको.”

“कावून?”

“तुला कळायचं न्हाई ते.”

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. ती आष्टीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. बीडात तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मलाही तिच्याशिवाय कुणी नव्हतं, पण ते मला अजून ठाऊक व्हायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरात तो वास आला, उतरलेल्या फळासारखा गोडूस. कीटोन चढले की श्वासाला येतो तो. पण स्वतःच्या तोंडाचा वास काही असा समोरून येत नाही. ती दाराशी ज्वारी निवडत बसली होती. जवळ गेलो, तर वास तिच्या तोंडाचा.

“तू जेवली न्हाईस?”

“तुमच्या आदी कशी जेवू?” ती म्हणाली. “आमच्यात नवऱ्याच्या आदी बाया जेवत न्हाईत.”

“तीन दिवस?”

“मंग काय तर.”

रोज डोळ्यांसमोर चालणारी रीत, आणि मी दीडशहाणा तिचा विचारसुद्धा न करता प्रयोगाला बसलो होतो. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. आनंद झाला! प्रयोगाला एकाची दोन माणसं झाली, त्यात एक बाई. धावत जाऊन दवाखान्यातून नळ्या आणल्या आणि तिच्यासमोर भांडं ठेवलं. ती लाजेनं अर्धी झाली, पण तिनं नाही म्हटलं नाही. तिची कडी माझ्यापेक्षा गर्द उमटली. मी हरखून नळी तिच्यापुढं धरली.

ती नळीकडं बघेचना. माझ्याकडं बघत होती. “झालं न्हवं तुमचं? आता जेवायचं?”

“आनखी एकच दिवस,” मी म्हणालो.

चौथ्या दिवशी आडावर पाणी ओढताना ती चक्कर येऊन पडली. शेजारणीनं तिला घरात आणून गूळपाणी पाजलं आणि मला म्हणाली, “कावून जीव घ्यायलात हो पोरीचा?” आठ दिवसांनी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला.

दोन महिन्यांनी मी आणायला गेलो. ती दारातच उभी राहिली. “मी जेवले का उपाशी हाय, ते तुमाला नळीत बघावं लागतंय,” म्हणाली, आणि आत गेली. मी बराच वेळ ओसरीवर बसून होतो. कुणी पाणीही विचारलं नाही.

ती परत आली नाही. पुढं मी सगळं आयुष्य कीटोनवरच काढलं, नाव झालं, आणि घरी गेलो की बोलायला भिंती. त्या चार दिवसांवर लिहिलेल्या पहिल्या अहवालाची हैदराबादेत वाहवा झाली होती. मी तो अजून काढून वाचतो. दुसऱ्या पानावर माझ्याच हातचं लिहिलेलं आहे: ‘माणूस क्रमांक दोन. स्त्री. तब्येत चांगली. उपास राजीखुशीनं केला.’