बिबड्यांची राखण

आमच्या पारोळ्यात मे महिन्यात बाईमाणसाला मरायलाही सवड नसते. शाळेला सुट्टी लागली की लोक म्हणतात, मॅडम, तुमची मजा आहे. मजा कसली, डोंबलाची. सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी माझी ज्वारी भिजत पडते. तिला आंबूस वास सुटला की दळायची, पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, त्यात तीळ, जिरं, लसूण, लाल मिरची घालायची, आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या धोतरावर हाताने थापून बिबडे घालायचे. ज्वारीचे पापडच ते, पण खानदेशात त्यांना पापड म्हणून बघा, कोणी जेवायला बोलावणार नाही.

बिबडे घालायचं काम माझं आणि शेजारच्या अक्कांचं. राखायचं काम आमच्या कुत्रीचं. गावठी, तांबूस, एक कान कायमचा पडलेला, बारा वर्षांची. तिला हे काम कोणी शिकवलं नाही. पिल्लू असताना एकदा माझ्या मागे गच्चीवर आली, एका कावळ्याने बिबडा उचलला, तर अशी धावली की कावळा बिबडा टाकून पळाला. तेव्हापासून दर मे महिन्यात पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ती गच्ची राखायची. कावळा नाही, खार नाही, कबूतर नाही. आणि स्वतः कधी तोंड लावलं नाही. घाटा थापला की पहिला ओला बिबडा तिचा, हा आमचा रिवाज. तो खायचा आणि कामावर हजर व्हायचं. माझ्या शाळेतल्या काही गुरुजींपेक्षा बरी.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तिने तो पहिला बिबडा हुंगला आणि तोंड फिरवलं. मी अक्कांना म्हटलं, "बघा, माज आलाय म्हातारीला."

त्याच्या आधीपासून ती पाणी फार पीत होती. अंगणातली कुंडी सकाळी भरावी, दुपारी रिकामी. पण पारोळ्यात मे महिन्यात कोण पाणी पीत नाही? कूलरसमोर बसलेली माणसं माठ संपवतात. मी अक्कांना सांगितलं तर त्याही म्हणाल्या, "ऊन कितलं शे माय. बठ्ठास्ले तहान लागस." मला पटलं, तहान सगळ्यांनाच लागते. उलट मी नवऱ्याला कौतुकाने म्हटलं, "बघा, हिला कळतं उन्हाळ्यात पाणी जास्त प्यावं, तुम्हाला कळत नाही." आणि कुंडीच्या जागी मोठं घमेलं ठेवलं.

मग एक दिवस तिच्या गोधडीवर डाग दिसला. पिवळट, चिकट, घाण वासाचा. मी तो पाहिला. हे नीट लिहून ठेवते, कारण पुढे मी तो पाहिलाच नाही असं वागले. मी नाक मुरडलं, गोधडी धुतली, वाळत घातली आणि उडदाची डाळ निवडायला बसले. दोन दिवसांनी पुन्हा डाग, पुन्हा गोधडी धुतली. उष्णता झाली असेल, म्हटलं. आपल्याकडे एकदा उष्णता म्हटलं की विषय संपतो. डॉक्टरकडे न्यायचं तर अख्खी सकाळ जाणार, आणि ज्वारी भिजलेली होती. खरं कारण एवढंच.

ती गच्चीवर यायला तयार नव्हती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहायची. मी हाक मारली तर शेपटी हलवायची, उठायची नाही. एका सकाळी माझं डोकं फिरलं. कावळ्यांनी चार बिबडे नेले होते, हात मिरचीने भगभगत होते. मी खाली येऊन तिला म्हटलं, "आयतं गिळायला बरं जमतं. काम नको, नुसतं फुकटचं खायचं." शाळेत पोरांवर ओरडते तसा आवाज चढवला होता. तिने मान खाली घातली. मी तिच्या गळ्यात दोरी अडकवली आणि ओढत तिला वर नेलं. वीस पायऱ्या. मध्ये दोनदा बसली, दोनदा उठवली. वर टाकीशी बांधून ठेवली. दिवसभर ती तिथे पडून होती आणि कावळा आला की मान उचलून भुंकत होती. संध्याकाळी खाली आणताना तिला उलटी झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती उभीच राहीना.

गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच धुळ्याला न्या म्हणाले. शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, नवरा पुढे बसला होता. धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तिशीतल्या, मितभाषी बाई होत्या. सोनोग्राफी केली. गर्भपिशवीत पू भरला आहे, पिशवी काढावी लागेल, वय आहे, धोका आहे, पण नाही काढली तर हातची जाईल, असं सरळ सांगितलं. मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "किती दिवसांपासून आहे हे? पाणी जास्त पिणं, स्राव वगैरे?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "दोन दिवस झाले असतील."

तोंडातून सहज गेलं. पंधरा-सोळा दिवस होऊन गेले होते. मी रोज पोरांना खरं बोला म्हणून शिकवते, आणि त्या टेबलापाशी मी ज्या सफाईने खोटं बोलले, तसं माझ्या वर्गातलं एकही पोर बोलत नाही.

"लवकर आणलंत, चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाल्या. "लोक पंधरा-पंधरा दिवस घालवतात."

ऑपरेशन झालं. ती वाचली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिला घरी आणलं, पोटावर वीतभर टाके, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. बारा दिवस जिना नाही, उड्या नाहीत, टाके चाटू द्यायचे नाहीत. रोज इंजेक्शन गावातल्या डॉक्टरांकडून.

आणि माझा छळ सुरू झाला. तिच्यामुळे नव्हे, नवऱ्यामुळे. बघायला येईल त्याला हे सांगायचे, "डॉक्टर म्हणाल्या, दोनच दिवसांत आणली म्हणून वाचली. सगळी हिची कमाल. मला तर काही कळलंच नसतं." दूधवाल्याला सांगितलं. दोंडाईचाच्या माझ्या नणंदेला फोन लावून सांगितलं. अक्कांना सांगितलं तेव्हा अक्कांनी वळून माझ्याकडे पाहिलं, कारण गोधडी मी त्यांच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातली होती. मी स्वयंपाकघरात निघून गेले. लग्नाला तीस वर्षं झाली, या माणसाने चारचौघांत माझं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि केलं ते नेमकं याचं.

मी तिची सेवा केली, खोटं कशाला सांगू. पोटाखालून जुनी ओढणी घालून तिला उचलून अंगणात न्यायची, कारण मागच्या पायांत जोर नव्हता. नवऱ्याचा जुना बनियन कापून टाक्यांवर घातला होता, तो दिवसातून दोनदा बदलायचा. नरसाळ्यामुळे ताटलीपर्यंत तोंड जात नव्हतं म्हणून दहीभात हाताने भरवायचा. ती प्रत्येक घासानंतर माझा हात चाटायची. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा मी तिला म्हटलं, "चावली असतीस तर बरं झालं असतं गं." ती शेपटी हलवत राहिली.

आठव्या दिवशी अक्कांनी बिबडे घातले. आमची गच्ची मोठी, दरवर्षी त्या आमच्याकडेच घालतात. माझे बंद झाले होते, त्यांचे कशाला अडवायचे? मी फक्त म्हटलं, जिन्याचं दार ओढून घ्या. त्यांनी घेतलंही. नंतर मीच त्यांना चहा द्यायला वर गेले आणि उतरताना दोन्ही हातांत कपबशा होत्या. दार लोटलं, कडी लावली नाही. अक्का घरी गेल्या, मी आंघोळीला गेले.

बाहेर आले तर गोधडी रिकामी. अंगणात नाही, पलंगाखाली नाही. जिन्याचं दार उघडं होतं आणि पायऱ्यांवर ओले ठिपके होते. मला वाटलं, पाणी असेल. पाणी नव्हतं.

अकरा वाजले असतील. गच्ची अशी तापली होती की मला चपलेतून चटका बसत होता. ती टाकीच्या सावलीत नव्हती. तिथून नरसाळ्यामुळे तिला बिबडे दिसत नसावेत. ती धोतराच्या कडेला, उन्हात बसली होती. बनियन खालून लाल झाला होता, जीभ लोंबत होती. कठड्यावर एक कावळा होता. ती त्याच्याकडे बघून भुंकत होती, म्हणजे तोंड उघडत होती, आवाज निघत नव्हता. धोतरावरचा एकही बिबडा हललेला नव्हता.

मला बघून तिने शेपटी हलवली, पण उठली नाही. मान खाली घातली. त्या दिवशी ओरडले होते तेव्हा घातली होती तशीच.

मी तिला दोन्ही हातांवर उचलून खाली आणलं. नवऱ्याने गाडी मागवली. धुळ्यापर्यंत मी रडत होते आणि नवरा मला म्हणत होता, "अगं, तुझी काय चूक त्यात."

डॉक्टरांनी पाहिलं. वरचे तीन टाके सुटले होते, आतले शाबूत होते. पण तिचं रक्त पुन्हा तपासलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. किडनीचा आकडा उतरायला हवा होता, तो चढला होता. "दोन दिवसांचं दुखणं होतं ना हे?" त्या म्हणाल्या. "मग इतकं कसं?"

नवरा शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "दोन दिवसांचं नव्हतं. सोळा दिवसांचं होतं. मी डाग पाहिले होते आणि धुतले होते. आणि आजारी असताना मी हिला दोरी लावून ओढत गच्चीवर नेलं होतं. बिबडे राखायला."

डॉक्टर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतं तर मी तिला आणखी दोन-तीन दिवस सलाईनवर ठेवून मग घरी पाठवलं असतं. आता ठेवू." आणि कामाला लागल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी ती दोन दिवसांची गोष्ट कोणालाही सांगितली नाही, मला काही विचारलंही नाही.

चार दिवसांनी ती घरी आली. पुरती बरी झाली नाही, होणारही नाही. आता तिचं खाणं वेगळं, गोळ्या रोजच्या, चालणं फाटकापर्यंतच. किडन्या तेव्हाच किती गेल्या आणि माझ्या खोट्यामुळे किती, हे डॉक्टर सांगत नाहीत, मी विचारत नाही.

यंदा मे महिना आला तसे मी बिबडे बचत गटाच्या बायकांकडून विकत घेतले. जिन्याच्या दाराला कुलूप लावलं. तर ही सकाळी उठून त्या कुलपापुढे जाऊन बसायला लागली. उठवलं तरी उठेना. तीन दिवस मी ते पाहिलं. चौथ्या दिवशी पहाटे उठून छोट्या पातेल्यात घाटा शिजवला आणि अंगणात निंबाच्या झाडाखाली जुन्या ओढणीचा तुकडा अंथरून त्यावर दहा-बारा बिबडे थापले. पहिला तिच्यापुढे धरला. तिला तिखटमीठ चालत नाही, म्हणून तेवढ्या एकात काही घातलं नव्हतं. तिने तो खाल्ला आणि ओढणीच्या कडेला जाऊन बसली.

नवरा चहा घेऊन बाहेर आला. म्हणाला, "सावलीत कुठे बिबडे वाळतात?"

"नाही वाळत," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत बिबड्यांना वास येतो, मी ते गाईला घालते आणि सकाळी पुन्हा थापते. दिवसभर ती तिथून हलत नाही. मी जवळून गेले की शेपटी हलवते आणि माझ्या तोंडाकडे बघते, आज तरी ही ओरडत नाही ना म्हणून. मी रोज खाली बसून तिला सांगते की सगळे आहेत, एकही गेला नाही.